उजवीकडचा ख्रेमोन

ख्रेमोनला जाऊन दोन हिवाळे झाले, तरी न्हाव्याच्या दुकानात त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी अजून चालतात. सांगणारे बदलले, थापा त्याच आहेत. मी त्याची शेजारीण. दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि ख्रेमोनचा आवाज भिंतीबिंतीला जुमानणारा नव्हता. त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य मी फुकटात ऐकलेलं आहे. कुणाला खरं ऐकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं, न्हाव्याकडे जाऊ नये.

त्याचा बाप किनाऱ्यावरून खारवलेली मासळी आणून आमच्या मेलिया गावात विकायचा. धंदा वाईट नव्हता, वास वाईट होता. बाप मेल्यावर ख्रेमोनने मासळीची पिंपं विकून टाकली, ऑलिव्हची झाडं असलेला एक उतार विकत घेतला, आणि त्या दिवसापासून त्याला मासळीचा वास सहन होईना. आमच्याकडे रिवाज असा, की ज्याची जमीन त्याने आपल्या खर्चाने ढाल घ्यायची, आणि ज्याची ढाल त्यालाच गावाच्या सभेत तोंड. ख्रेमोनला ढाल हवी होती ती तोंडासाठी. ती घेऊन लढायलाही जावं लागतं, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

ढाल मात्र त्याने अशी करून घेतली की बघत राहावं. आत जाड लाकूड, वर काशाचा लखलखीत पत्रा, आणि पत्र्यावर गर्जना करणारा सिंह काढायला सांगितला. रंगाऱ्याने बापजन्मी सिंह पाहिला नसावा. त्याने गाल सुजलेलं मांजर काढलं. माझा धाकटा भाऊ सिमोस तेव्हा नुकता विशीत आलेला, भिंतीवर कोपरं टेकून तो ते बघत होता.

"काय सिमोस, कशी आहे?" ख्रेमोनने विचारलं.

"झकास आहे, काका. ओर्माची माणसं घाबरतील की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांच्या उंदरांचं काही खरं नाही."

ख्रेमोन हसला नाही. त्याला स्वतःवरचे विनोद कळायचे, फक्त आवडायचे नाहीत.

सिमोसची ढाल आमच्या बाबांची होती. ठिकठिकाणी पोचे आलेली, कडेचा पत्रा एका बाजूला फाटलेला. चित्रबित्र काही नाही. आईने आतल्या पट्ट्याला नवीन चामडं शिवून दिलं होतं, तेवढाच काय तो नवेपणा.

आता ही लढाई कशासाठी, तेही ऐका. मेलिया आणि ओर्मा या दोन गावांच्या मध्ये एक चढ आहे. दगड, काटे, आणि बकरीसुद्धा विचार करून खाईल असलं गवत. तो चढ कुणाचा, यावर आमचे पणजोबा लढले, आजोबा लढले, आणि चढ अजून तिथेच आहे. लढायचं तेही सोयीने. जव कापून झाले पाहिजेत आणि द्राक्षं पिकायला वेळ पाहिजे. मधल्या रिकाम्या दिवसांत पुरुषांना घरात करमत नाही, मग गावाचा मान आठवतो. बरं, ओर्मा काही परकं नाही. आमच्या मुली तिकडे दिलेल्या, त्यांच्या इकडे आलेल्या. शरद ऋतूत आर्टेमिस देवीची जत्रा ओर्मात भरते, तेव्हा आम्ही सगळे तिकडे जाऊन त्यांचंच मटण खातो. उन्हाळ्यात भोसकायचं आणि शरदात जेवायला जायचं, असा आमचा शहाणपणा.

लढाई म्हणजे काय असतं हे मला सिमोसने सांगितलं. पहिल्या खेपेला तो मागच्या रांगेत होता आणि ती लढाई नुसत्या ढकलाढकलीवर मिटली होती. घरी येऊन तो चुलीपाशी बसला, आईने कांदा आणि जवाच्या पिठाचा गोळा पुढे ठेवला, पण त्याच्या हातून घास उचलवेना.

"ताई, टोप घातला की काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "आपलाच श्वास ऐकू येतो. दिसतं ते दोन भोकांतून, समोरचं तेवढंच. पावा वाजतो म्हणतात, मला तर ऐकूच आला नाही. मागचा माणूस आपली ढाल तुझ्या पाठीला लावून ढकलतो, तू पुढच्याला ढकलायचं. कोण मारतंय, कोण मरतंय, काय कळतंय! धूळ, घाम, आणि शेजारचा हगला की त्याचा वास."

"शी! जेवताना काय बोलतोस!" मी म्हटलं.

"तूच विचारलंस. आणि एक सांगू? सगळी रांग चालता चालता उजवीकडे सरकते. आपोआप."

"का रे?"

"ढाल डाव्या हातात असते ना. ती माझं डावं अंग झाकते आणि माझ्या डावीकडच्या माणसाचं उजवं अंग झाकते. माझं उजवं अंग उघडंच. ते झाकायचं माझ्या उजवीकडच्याने. म्हणून जो तो उजवीकडच्याच्या ढालीत घुसायला बघतो. टोप टाकला, चिलखत टाकलं तर गाव काही म्हणत नाही, ते ज्याचं त्याचं. पण ढाल टाकली तर सोडत नाही. ढाल शेजाऱ्याची असते."

हे त्या पोराला विसाव्या वर्षी कळलं होतं. ख्रेमोनला चाळिशीतही कळलं नाही, किंवा फार चांगलं कळलं होतं, काय ते देव जाणे.

पुढच्या वेळेला ओर्माने खरंच कंबर कसली. आमच्याकडे रांगा लावताना ख्रेमोन पुढे पुढे करू लागला. "मला पहिल्या रांगेत घाला! मागे उभं राहायला मी काय म्हातारा आहे?" चिलखत चकचकीत, आवाज मोठा, म्हणून घातलं त्याला पुढे. आणि त्याच्या डाव्या हाताला घातलं सिमोसला. संध्याकाळी सिमोसने घरी येऊन सांगितलं तेव्हा आई जात्यावर बसली होती. ती थांबली.

"उजवीकडे कोण म्हणालास?"

"ख्रेमोनकाका."

"अरे देवा," आई म्हणाली, आणि पुन्हा दळायला लागली.

लढाईच्या दिवशी सकाळी ख्रेमोनला चिलखत घालायला त्याची बायको क्लेओ आणि थ्रेसहून विकत आणलेला त्यांचा गडी असे दोघे लागले. ढाल रणापर्यंत उचलून नेली ती त्या गड्याने. वीर मागून हात हलवत चालले होते. ढाल जड असते ना! क्लेओ भिंतीपाशी येऊन मला म्हणाली, "पोटऱ्यांवरचे पत्रे घट्ट बसतात म्हणून रात्रभर कुरकुर चालली होती. मी म्हटलं, पाय बारीक करून आणू का कुठून?" क्लेओ चांगली बाई. नवऱ्याच्या बाबतीत तिचं नशीब फुटकं, एवढंच.

आम्ही बायका देवळाच्या टेकडीवर चढून बसलो. तिथून सगळं दिसतं, पण लहान दिसतं. बकरा कापला, कौल चांगला म्हणाले. कौल नेहमी चांगलाच असतो. मग आमची रांग चालू लागली, आणि सिमोसने सांगितलं होतं तशी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. मग पळत सुटली. मग दोन्ही रांगा एकमेकींवर आदळल्या, आणि तो आवाज आमच्यापर्यंत जरा उशिराने आला.

त्या धुळीत माणसं ओळखू येत नव्हती. पण ख्रेमोनची ढाल ओळखू येत होती, कारण तेवढी चकचकीत ढाल दोन्ही गावांत मिळून दुसरी नव्हती. ती मी पाहिली. रांग अजून उभी होती, पुढची माणसं अजून रेटत होती, आणि ती चकाकी रांगेतून निघाली, मागे आली, झऱ्याच्या बाजूला पळत पळत गेली आणि एकदम खाली विझली. मग तिथून एक माणूस ढालीशिवाय पळाला. असा पळाला की मासळीच्या टोपल्या घेऊन त्याचा बापही कधी तेवढा पळाला नसेल.

आणि जिथून तो निघाला तिथे दार उघडं पडलं. ओर्माची माणसं त्यातून आत घुसली. मग काय, मागच्यांनी पाठ फिरवली, त्यांच्या मागच्यांनी फिरवली, आणि मेलियाचे सगळे वाघ घराकडे सुटले. वाटभर ढाली पडल्या. ढाल घेऊन पळता येत नाही, ती फार मोठी असते.

सिमोस संध्याकाळपर्यंत आला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या लोकांनी तह करून प्रेतं मागितली. ओर्माच्यांनी ती देऊन टाकली, शस्त्रं मात्र ठेवून घेतली, तसाच नियम आहे. आमच्याकडे प्रेत धुवायचं काम बायकांचं. पुरुष भाषण करतात, आम्ही धुतो. म्हणून कुणाला कुठे लागलं हे पुरुषांना ठाऊक नसतं, आम्हाला असतं. सिमोसला मी आणि आईने धुतलं. एकच जखम होती. उजव्या काखेखाली, चिलखताची कड संपते तिथे. बाकी सगळं अंग स्वच्छ. डाव्या दंडावर ढालीच्या पट्ट्याचा वळ होता, तो पुसून जाईना. आई तो ओल्या फडक्याने पुसतच राहिली. मी म्हटलं, "आई, ती घाण नाही." ती म्हणाली, "माहीत आहे मला."

त्या दिवशी आम्ही शेजारणी घरोघर मदतीला गेलो. बाकीच्यांच्या जखमा बहुतेक पाठीत होत्या. आम्ही कुणी कुणाला काही बोललो नाही. पाठीत लागलेलाही कुणाचा तरी पोरगाच असतो.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. आता खरी गंमत. ख्रेमोन ढालीशिवाय घरी आलेला सगळ्या गल्लीने पाहिला होता. ढाल टाकणाऱ्याला आमच्याकडे सभेत उभं राहता येत नाही, बोलता येत नाही, देवळात पुढे बसता येत नाही. म्हणजे ज्या तोंडासाठी ढाल घेतली ते तोंडच बंद. मग ख्रेमोनने काय केलं? चोराच्या उलट्या बोंबा! तो उभा राहिला, डोळ्यांना पाणी आणलं आणि म्हणाला, "सिमोस लहान होता. अंगात रग होती. रांग मोडून तो एकटाच पुढे धावला. मी ओरडलो, बाळा मागे ये! ऐकलं नाही त्याने. पडला. तेव्हा मी काय करणार? मी माझी ढाल त्याच्या अंगावर पांघरली आणि तसाच उघड्या छातीने लढत मागे आलो."

सभेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की हे खोटं आहे. पण निम्म्या सभेच्या ढाली वाटेत पडलेल्या होत्या. ख्रेमोनला खोटा ठरवायचा म्हणजे पुढचा प्रश्न, "मग तुझी कुठे आहे?" शिवाय पुराव्याशिवाय कुणाला ढालटाक्या म्हटलं तर म्हणणाऱ्यालाच शिक्षा, असा कायदा. तो कुणी केला असेल ते सांगायला नको. आणि आम्ही टेकडीवरून पाहिलं होतं, पण बायकांची साक्ष धरत नाहीत. सगळे मूग गिळून बसले. एक जण म्हणाला, "वा ख्रेमोन!" मग सगळेच म्हणाले.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण रांग मोडून पुढे धावणाराही आमच्याकडे गुन्हेगारच. त्याचं नाव वेशीजवळच्या शिळेवर कोरत नाहीत. दरवर्षी जव कापून झाले की त्या शिळेपाशी सगळा गाव जमतो, एकेक नाव पुकारतात, प्रत्येक नावाला बायका हंबरडा फोडतात आणि वाइन जमिनीवर ओततात. ज्याचं नाव नाही त्याच्यासाठी रडायचं ते घरात, दार लावून. पाठीत जखमा असलेल्या सगळ्यांची नावं कोरली गेली. सिमोसचं राहिलं.

पंचांमधला वडीलधारा एव्हेनोर घरी सांगायला आला. आई दारात उभी राहिली.

"त्याला कुठे लागलं होतं ते मी दाखवते," ती म्हणाली. "पुरला असला तरी माझ्या अंगावर बोट ठेवून दाखवते."

"थेआनो, आता ते उकरून काय उपयोग?"

"मला नाव हवंय. बाकी काही नको."

"सभेने ठरवलंय."

"सभा तिथे होती का? सभा तर पळत होती!"

एव्हेनोर ऐकलंच नाही असं दाखवून निघून गेला. त्याच्याही दाराशी टांगलेली ढाल नवीन दिसत होती.

पुढच्या उन्हाळ्यात, सिमोस गेल्यावर नावं पुकारण्याचा पहिला दिवस आला तेव्हा आम्ही दोघी गेलो. शेवटचं नाव झालं. आई थांबून राहिली, जणू पुकारणाऱ्याला अजून एक आठवेल. लोक पांगले. ख्रेमोन तोवर आपल्या रांगेचा नायक झाला होता. जाताना आमच्याजवळ थांबून म्हणाला, "वहिनी, मी त्याला फार हाका मारल्या हो." मी त्याच्या तोंडावर थुंकणार होते. आईने माझा हात धरला. तेव्हापासून तिने भिंतीच्या त्या बाजूला पाहणं सोडलं, आणि जेवण अर्ध्यावर आलं. मला कळत होतं की नाव कोरलं जाईपर्यंत ही बाई मरायचीसुद्धा नाही आणि जगायचीसुद्धा नाही.

त्या शरदात ओर्माची जत्रा आली. आदल्या साली सुतकामुळे मेलियातून कुणी गेलं नव्हतं. ख्रेमोनचा पाय नेमका त्याच दिवसांत सुजला. "तुम्ही जा, देवीला माझा नमस्कार सांगा." आम्ही गेलो. आई, मी, क्लेओ आणि गल्लीतल्या चार बायका.

ओर्माच्या देवळात आमच्याकडून मिळवलेल्या ढाली भिंतीवर लावलेल्या होत्या. मोजक्याच. दाराशेजारी, सगळ्यात मोक्याच्या जागी, बाबांची पोचे आलेली ढाल होती. आईने पट्ट्याचं चामडं हाताने चाचपून पाहिलं. आपल्या टाक्यांची ओळख पटली आणि ती तिथेच खाली बसली.

देवळाची पुजारीण मिर्तो ही आईच्याच वयाची, दात पडलेली, पण जीभ शाबूत. तिने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुझा होता का?"

"माझा मुलगा."

"नाव काय त्याचं? आम्हाला ठाऊक नव्हतं. आमची माणसं त्याला नुसतं 'तो उभा राहिलेला' म्हणतात. उजवी बाजू उघडी पडली तरी हलला नाही गं. पट्ट्यातून हात सोडवायला दोघे जण लागले."

"रांग मोडून पुढे आला होता का?" मी विचारलं.

"पुढे? कुठून पुढे! तो होता तिथेच होता. रांगच गेली ना त्याची."

"सिमोस," आई म्हणाली. "त्याचं नाव सिमोस." वर्ष झालं होतं, आणि ते नाव विचारणारी पहिली व्यक्ती ओर्माची निघाली.

मग मी विचारलं, कारण मला राहवेना. "बाकीच्या ढाली कुठे आहेत? आमच्या तर पुष्कळ गेल्या."

मिर्तो हसली. "त्या देवीला चालत नाहीत. लढून घेतलेली ढाल देवीची. वाटेत, ओढ्यात पडलेली सापडली ती देवीला दिली तर अपमान होतो. कुणी राखलीच नाही ती वस्तू दान कसली? त्या मागे पडल्यात. या, दाखवते."

देवळाच्या मागे मिर्तोचं परसदार होतं. तिथे मेलियाचं शौर्य मांडून ठेवलेलं होतं. एका ढालीत बकऱ्यांना पाणी. एक रांजणावर झाकण. दोन उभ्या करून डुकराच्या पिल्लाला कुंपण. आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून एक मोठी ढाल, तिच्यावर गाल सुजलेलं मांजर. मांजराच्या नाकावर एक कोंबडी बसली होती.

एक बाई पुढे झाली आणि रांजणाच्या झाकणाकडे बघून म्हणाली, "अगं बाई, ही तर आमची." दुसरीने डुकराच्या कुंपणाकडे बोट केलं. "तुझ्या घरची डावीकडची, माझ्या घरची उजवीकडची." मग एकीला हसू फुटलं, आणि ते थांबेना. क्लेओ हसत नव्हती. ती खुराड्यापाशी वाकून बसली होती.

"ही कुठे मिळाली?" तिने मिर्तोला विचारलं.

"ही? झऱ्याच्या खालच्या अंगाला, लव्हाळ्यात. पालथी टाकलेली. लढाई संपल्यावर नाही हं. गुरं पाजायला गेलेल्या आमच्या माणसाने तो ती टाकताना पाहिला, तेव्हा वर मारामारी चालूच होती. एवढी चकचकीत ढाल कुणी टाकतं का, म्हणून तो चाट पडला."

क्लेओने ढालीवरची कोंबडीची शीट आपल्या पदराने पुसली, मग पुसता पुसता थांबली. "राहू दे," ती म्हणाली. "इथे तिचा कोंबड्यांना तरी आडोसा आहे." मग आईकडे वळून ती म्हणाली, "मावशी, मला माफ करा. मी त्याला विचारलं होतं. त्याने मुलांची शपथ घेतली होती."

आई म्हणाली, "तुझ्याकडे माझं काही नाही."

आम्ही गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, आणि हे तर कोंबडंच ढालीखाली होतं. विहिरीवर बायका नुसतं "कुकूचकू" म्हणायच्या आणि पुरुष वाट बदलायचे. चार दिवसांत एव्हेनोर पुन्हा दारात आला. या वेळी बसला, आणि दिलेले अंजीर खाल्लेसुद्धा.

"थेआनो, गावाची बदनामी होते आहे," तो म्हणाला.

"कोण करतंय?"

"हे बघ, मिटवून टाकू. सिमोसचं नाव कोरतो. तुम्ही बायकांनी ते परसातलं बोलणं बंद करायचं. खटला नको, चौकशी नको."

मी उसळले. "नाव त्याच्या हक्काचं आहे! आणि त्या ख्रेमोनला सभेतून बाहेर काढा आधी! आई, काही ऐकू नकोस. सगळं गाव उघडं पडू दे!"

"गाव उघडं पडलेलंच आहे, फिलीन्ना," आई मला म्हणाली. "मला माझ्या पोराचं नाव हवंय. त्यांची लाज घेऊन मी काय करू, लोणचं घालू?" मग एव्हेनोरकडे वळली. "चालेल. पण माझी एक अट आहे. नावं पुकारण्याच्या दिवशी ख्रेमोनने सगळं अंगावर चढवून यायचं. टोप, चिलखत, पत्रे, ढाल. आणि माझ्या उजव्या हाताला उभं राहायचं. सिमोसचं नाव होईपर्यंत हलायचं नाही. दरवर्षी. मी आहे तोवर."

"एवढंच?" एव्हेनोर चकित झाला.

"एवढंच. आणि सिमोसचं नाव सगळ्यात शेवटी घाला."

ते तसंही शेवटीच घालणार होते. एव्हेनोर खूश होऊन गेला. मी त्या दिवशी आईशी बोलले नाही. मला वाटलं, एका नावापुढे ती नमली. मला तिचा फार राग आला होता, खरं सांगते.

मग तो दिवस आला. जव कापून झाल्यानंतरचं ऊन काय असतं ते मेलियाच्या माणसाला सांगायला नको. दगडावर पाय ठेववत नाही. आई शिळेसमोर उभी राहिली. ख्रेमोन आला, चिलखतात आवळलेला, टोपातून नुसते डोळे दिसणारा. त्याच्याजवळ नवीन ढाल होती, चित्राशिवायची. तो आईच्या उजवीकडे उभा राहिला.

एव्हेनोर नावं पुकारू लागला. जुन्या लढायांपासूनची सगळी नावं. मेलियात मेलेल्यांना तोटा नाही. प्रत्येक नावाला बायका रडत होत्या, वाइन ओतत होत्या, आणि त्या वर्षी का कोण जाणे, प्रत्येकीला रडायला फार वेळ लागत होता. क्लेओला तर सगळ्यात जास्त. ख्रेमोनच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. टोपातून घाम हनुवटीवर गळत होता. त्याची ढाल खाली यायला लागली.

"ख्रेमोन," आई म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ढाल वर धर. माझं अंग उघडं पडतंय."

त्याने ढाल वर धरली. सगळ्या गावाने पाहिलं. सगळे पुरुष पायाकडे बघत उभे राहिले. आणि मग एव्हेनोरने शेवटचं नाव पुकारलं, आणि आई जी रडली, ती मी आयुष्यात तशी रडलेली पाहिली नव्हती. मी पण रडले, आणि माझा राग गेला.

ख्रेमोन दरवर्षी आला. दुखणी काढून बघितली, पाय सुजवून बघितला, पण क्लेओ स्वतः त्याचे पट्टे आवळून त्याला घराबाहेर काढायची. आई दरवर्षी तेच वाक्य बोलायची. बाकीचे तीनशेचौसष्ट दिवस न्हाव्याच्या दुकानात उघड्या छातीने लढल्याच्या थापा मारायचं त्याने सोडलं नाही. पण तो एक दिवस त्याला उभं राहावं लागलं. लढाईत दोन घटका उभा राहिला असता तर हे सगळं वाचलं असतं.

शेवटी तो अंथरुणातच गेला. कोवळे अंजीर खाऊन पोट बिघडलं आणि चार दिवसांत आटोपला. गावाने मोठी मिरवणूक काढली. आई गेली नाही. तिला तेव्हा फारसं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं, आणि मिरवणूक दारावरून गेली तेव्हा ती सूत काढत बसली होती.

पुढच्या उन्हाळ्यात नावं पुकारायच्या दिवशी मी तिला हाताला धरून शिळेपाशी आणलं. ती नेहमीच्या जागी उभी राहिली. एव्हेनोरच्या मुलाने पहिलं नाव पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने उजवा हात बाजूला लांब केला आणि हवेत चाचपडला.

"ख्रेमोन कुठे आहे?" तिने मोठ्याने विचारलं.

एव्हेनोरचा मुलगा हळूच म्हणाला, "आजी, ख्रेमोनकाका वारले ना."

आईने थोडा वेळ हात तसाच ठेवला, मग खाली घेतला.

"म्हणजे याही वेळी आधीच पळाला," ती म्हणाली. "वाच बाळ, आम्ही उभ्या आहोत."

मी तिच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले.